पाचवं पाऊल कुणाचं?

सप्रेम नमस्कार.

माझं वय ३९. हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो. घरात पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. सांगायला जरा लाज वाटते, पण रात्री सगळे झोपले की मी कानाला हेडफोन लावून भुताखेतांच्या दुनियेत जातो. आधी सिंथसायझरवर केलेलं भयसंगीत, मग दोन-पाच मिनिटांच्या हॉरर शॉर्ट फिल्म, मग जुन्या पल्प मासिकांना, म्हणजे हलक्या कागदावर छापलेल्या थरारकथांच्या मासिकांना, मानवंदना म्हणून हौशी मंडळी कथा लिहितात, मुखपृष्ठं रंगवतात, ती. दीड-दोन कधी वाजतात कळत नाही.

मागच्या महिन्यात थोरली बहीण राहायला आली होती. रात्री पाणी प्यायला उठली आणि माझ्या स्क्रीनवर जे होतं ते बघून किंचाळलीच. सकाळी म्हणाली, "चाळिशी आली तरी भुतं बघत बसतोस? डोक्यावर परिणाम होईल. घरात लहान पोर आहे." गंमत म्हणजे लहानपणी लाइट गेले की हीच ताई आम्हाला विहिरीतल्या बाईची गोष्ट सांगायची आणि ऐन मोक्याला थांबायची. शेवट तिने कधीच सांगितला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यात काही बिघाड आहे का? दुसरं, पूर्वी एका फिल्मने झोप उडायची, आता रात्रीत वीस बघितल्या तरी काही वाटत नाही, असं का? तिसरं, मी १९३०च्या दशकातल्या पल्पच्या थाटात एक कथा लिहिली आहे. मुखपृष्ठही केलंय, पिवळं करून, डाग पाडून. ते इंटरनेटवर टाकलं तर चोरी ठरेल का? की नुसताच पोरकटपणा? मुखपृष्ठ आणि पहिली दोन पानं सोबत जोडली आहेत.

– एक निशाचर

प्रिय निशाचर,

बिघाड नाही. हे आधी सांगून मोकळी होते, कारण खरी मेख तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे आणि मला तिकडे जायची घाई झाली आहे.

तरीही ताईला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून थोडं सामान देते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. शृंगार, करुण, हास्य यांच्या पंगतीत भयानकालाही पाट मांडलेला आहे. शोकांतिका बघून डोळे पुसणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, घरी सगळं बरं आहे ना? भुताची गोष्ट आवडणाऱ्याला मात्र लगेच विचारतात. भरताने आणखी एक शहाणपणा केला. भयानक वेगळा ठेवला आणि बीभत्स वेगळा. बंद दार आपोआप करकरणं एकीकडे, आतडी बाहेर काढून दाखवणं दुसरीकडे. दोन्हीला आपण सरसकट 'हॉरर' म्हणतो आणि मग ताईसारख्यांना वाटतं की हा रोज रात्री रक्तामांसाचा चिखल बघतो. तुमच्या पत्रावरून तरी तुमचा ओढा पहिल्याकडे दिसतो. तिला हा फरक सांगून बघा.

विज्ञानाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत काही संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीनिवडी आणि मनाची अवस्था विचारली होती. हॉररच्या शौकिनांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं कमी आढळली. मात्र हा कागद ताईच्या नाकासमोर नाचवू नका. भयपट बघून माणसं कणखर झाली की मुळात कणखर माणसंच भयपट बघतात, हे त्यातून ठरत नाही. आणि ताई हुशार दिसते, तिला ही फट सापडेल.

रात्रीच्या दोनचं काय ते मात्र बघा. आकडेमोडीचं काम करणाऱ्याने रोज चार-पाच तासांवर भागवणं बरं नव्हे. रात्री क्रिकेटच्या जुन्या मॅच बघत बसला असता तरी मी हेच म्हटलं असतं.

आता दुसरा प्रश्न.

मराठीत भीतीला किती शब्द आहेत बघा. दचकणं, घाबरणं, बिचकणं, धास्ती, धडकी, धसका. दचकणं क्षणाचं. धास्ती रात्रभराची. धसका तर कधीकधी जन्मभराचा. तुम्ही रात्रीतून वीस वेळा दचकता आणि त्यातून धास्ती का निर्माण होत नाही असं मला विचारता. ती वेगळ्या कापडाची असते हो. दचकणं शरीर करतं. मोठा आवाज झाला की मान आखडते, डोळे मिटतात, विचार मागाहून येतो. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर म्हणतं, कळलं, पुढे चला. धास्तीला मन लागतं, आणि मनाला वेळ लागतो.

डॅनियल ब्लमस्टाइन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ आहेत, मार्मॉट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करणारे. मार्मॉटचं पिल्लू पकडलं की ते कर्कश, फाटलेल्या आवाजात ओरडतं. त्या ओरडण्याने ब्लमस्टाइन स्वतःच हलले, आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासायला बसले. २०१० मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात भयपटांमध्ये असेच खरखरीत, फाटके आवाज आणि किंकाळ्या जास्त सापडल्या. म्हणजे पडद्यावरचं भूत झेप घेतं तेव्हा कानात जे घुसतं ते बरंचसं संकटातल्या पिल्लाचं ओरडणं असतं. हे हत्यार हुकमी आहे आणि स्वस्त आहे. दोन मिनिटांची फिल्म करणाऱ्या नवशिक्याला तेवढंच परवडतं. तुमच्या रोजच्या वीस फिल्मांपैकी किती अशाच असतील, तुम्हीच मोजा.

उलट तुमच्या सिंथवाल्यांच्या मूळपुरुषाकडे बघा. जॉन कार्पेंटरने १९७८च्या 'हॅलोविन' या भयपटाचं दिग्दर्शन केलं आणि संगीतही स्वतःच दिलं. पियानोवर एक एवढासा तुकडा, फिरून फिरून तोच. तो पाच मात्रांचा आहे. हा ताल त्याला लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवला होता. आता आपल्याला पाय दोन. चालण्याची लय सम. चार मात्रांत पावलं बरोबर बसतात, आणि मग पाचवी मात्रा येते. चार पावलं माझी, पाचवं कुणाचं? आज ऑनलाइन जे सिंथ भयसंगीत तुम्ही ऐकता, त्यातलं बरंचसं याच घराण्यातलं आहे.

पण थांबा. दहा मात्रांचा झपताल दोन-तीन, दोन-तीन असाच चालतो. म्हणजे पाच-पाचचेच दोन तुकडे. त्याने कधी कुणाला धडकी भरल्याचं मी ऐकलेलं नाही. तसंच त्या बदनाम स्वराचं. पाश्चात्त्य संगीतात ज्या अंतराला सैतानाचं म्हणतात, ते आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि तीव्र म. १३ फेब्रुवारी १९७० या दिवशी, शुक्रवार मुद्दाम गाठून, ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये आला. आधी पाऊस, लांबवर घंटा, मग गिटारवर खालचा सा, वरचा सा, आणि मधोमध येऊन लोंबकळणारा तीव्र म. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा जन्म बरेच जण इथेच मानतात. (मध्ययुगात चर्चने या स्वरावर बंदी घातली होती, असं प्रत्येक व्हिडिओत ऐकू येतं. ती दंतकथा आहे. ऐकायला छान, पुरावा शून्य.) आणि हाच तीव्र मध्यम संध्याकाळी यमनमध्ये भेटतो तेव्हा किती लोभस असतो! यमन गाणाऱ्याला पाहून कुणी पळत सुटत नाही.

म्हणजे भूत स्वरात नाही, तालातही नाही. यमनमधला तीव्र म पंचमाकडे झुकतो, आपल्याला घरी पोचवतो. ब्लॅक सबाथचा तीव्र म कुठेच पोचवत नाही. तो तसाच टांगलेला राहतो आणि आपण वाट बघत बसतो. भीती ती तिथे, त्या वाट बघण्यात.

फिल्मचंही तेच. 'लाइट्स आउट' नावाची २०१३ची शॉर्ट फिल्म तुम्ही बघितली असणारच. डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने पत्नी लोटा लोस्टेन हिला घेऊन घरच्या घरी केली, तीन मिनिटांच्या आत संपते. बाई झोपायच्या आधी दिवा बंद करते. अंधारात पॅसेजच्या टोकाला कुणीतरी उभं. दिवा लावते, कुणी नाही. बंद करते, आहे. लावते, नाही. पुन्हा बंद करते, आणि आता ते जवळ आलंय. मग ती काय करते? बटणावर चिकटपट्टी लावते! मला ही चिकटपट्टी फार आवडते. इतकं घरगुती, इतकं केविलवाणं. एकदा नियम कळला की दिग्दर्शकाला फारसं काही करावं लागत नाही, आपणच बटणाकडे बघत बसतो. पुढे याच कल्पनेवर त्याने २०१६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट केला. माझ्या मते तीन मिनिटांतला भारी आहे, पण ते असो.

लांबीचा दोष नाही हे त्यावरून कळेल. पहिला भयपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो जॉर्ज मेलिएसचा १८९६चा चित्रपटही जेमतेम तीन मिनिटांचा. वटवाघूळ फडफडत येतं आणि त्याचा सैतान होतो. भयपट जन्मालाच शॉर्ट फिल्म म्हणून आला आहे, मोबाइलने त्याला खुजं केलेलं नाही.

मोबाइलने केलं ते वेगळंच. फिल्म संपते, पडदा काळा होतो आणि कोपऱ्यात पुढच्या फिल्मचं चित्र येतं. पाच, चार, तीन. वास्तविक खरी फिल्म तिथे सुरू व्हायची असते. काळ्या पडद्यात आपला चेहरा दिसतो, हेडफोन काढल्यावर घराचे आवाज अचानक मोठे वाटतात, मागे वळून बघावंसं वाटतं आणि बघवत नाही. तुम्ही हा भाग रोज रात्री वीस वेळा कापून टाकता. मग काही होत नाही म्हणून एकविसावी लावता.

ऑर्हुस या डेन्मार्कमधल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. भुताटकीचा खेळ मांडलेल्या घरात शिरणाऱ्यांच्या छातीला नाडीचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. सगळ्यात जास्त मजा कुणाला आली? ज्यांची भीती मधल्या पट्ट्यात होती त्यांना. कमी भीतीत कंटाळा, जास्त भीतीत त्रास. तुम्ही स्वतःला त्या मधल्या पट्ट्यातून उचलून कंटाळ्याच्या बाकावर बसवलं आहे, तेही झोप मोडून.

म्हणून सांगते. ऑटोप्ले बंद करा, आज रात्रीच. एका रात्री एकच फिल्म, नाहीतर एकच अल्बम, पण पहिल्या आवाजापासून शेवटच्या शांततेपर्यंत. फोन पालथा. संपलं की लगेच काही लावायचं नाही, कुणी काय लिहिलंय तेही वाचायचं नाही. हेडफोन काढा, दिवा मालवा आणि चालत झोपायच्या खोलीकडे जा. ती दहा-बारा पावलं फिल्मचाच भाग आहेत. त्या वाटेवर ताई पाणी प्यायला उठलेली भेटली तर सोन्याहून पिवळं.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. मागे एकदा जुन्या रेडिओ-नाटकांच्या धर्तीवर हौशी मंडळींनी केलेली एक श्राव्य कथा ऐकली. त्यात कुणी ओरडत नाही, काही फुटत नाही. फक्त एक माणूस जिना उतरतो आणि पायऱ्या मोजतो, आणि मोज संपल्यावरही पावलांचा आवाज चालू राहतो. साठी उलटलेली मी बाई, त्या रात्री लाइट चालू ठेवून झोपले. सकाळी घरी विचारलं तेव्हा औषध घ्यायला उठले होते असं ठोकून दिलं.

मुलीबद्दल थोडक्यात. नऊ वर्षांच्या पोराने अंधारातून येऊन, मागचं-पुढचं काही न कळता, बापाच्या स्क्रीनवर कुजलेला चेहरा पाहणं वाईटच. तिथे ताईचं शंभर टक्के बरोबर आहे. हेडफोनने आवाज झाकला जातो, चित्र नाही. दाराकडे तोंड करून बसा, तेवढं पुरे. मुलीला भुताची गोड हुरहूर हवीच असेल तर ती तोंडी गोष्टीतून द्या. सांगणारा पोराचा चेहरा बघून थांबू शकतो, व्हिडिओ थांबत नाही.

आता तुमची कथा.

चोरीचं आधी. थाट, शैली, वातावरण यांवर कुणाची मालकी नसते. धुकं, पडका वाडा, विक्षिप्त प्रोफेसर हे सगळं सार्वजनिक पाणवठ्यासारखं आहे. मालकी असते ती प्रत्यक्ष मजकुरावर, चित्रांवर आणि बऱ्याचदा ठसठशीत पात्रांवर. बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं ती चालते, आणि अमेरिकेत त्या काळात छापलेल्या मजकुराचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे १९३०च्या दशकातलं सगळंच मोकळं झालं असं धरून चालू नका. नुसती नावं बदलून सुटका होते, असंही नाही. १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटात ड्रॅक्युलाचं नाव बदलून काउंट ऑर्लोक केलं होतं, तरी 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघतो. याच्या उलट १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. ऐन वेळी चित्रपटाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने तो जन्मतःच सगळ्यांचा झाला. आज हौशी फिल्मांत त्यातले तुकडे इतक्या वेळा भेटतात, त्याचं कारण ही एक विसरलेली ओळ.

तुमच्या पानांत माणसं, गाव, वाडा सगळं तुमचं आहे. खुशाल टाका. मुखपृष्ठावरचं चित्र जुन्या अंकावरून उचललेलं नसलं म्हणजे झालं.

पोरकटपणाचं म्हणाल तर मानवंदनेचा हा खेळ खुद्द पल्पवाल्यांनीच सुरू केला. १९३५ मध्ये रॉबर्ट ब्लॉक हा अठरा वर्षांचा पोरगा एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाचा चाहता होता. त्याला आपल्या कथेत लव्हक्राफ्टसारखंच एक पात्र घालून त्याचा खून करायचा होता. त्याने रीतसर परवानगी मागितली. लव्हक्राफ्टने लेखी दिली, माझं चित्रण कर, खून कर, हवं तर चिंधड्या उडव. साक्षीदार म्हणून खाली आपल्या दुनियेतल्या काल्पनिक माणसांची नावं घातली! कथा 'वीअर्ड टेल्स' या पल्प मासिकात छापून आली. मग लव्हक्राफ्टने उलट एक कथा लिहिली, त्यात 'रॉबर्ट ब्लेक' नावाचा तरुण मारला गेला. १९३६ मध्ये तीही त्याच मासिकात. एकमेकांना ठार मारून आदर व्यक्त करणारी ही माणसं. तुम्ही कसली लाज धरता?

मुखपृष्ठावर मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. ते पिवळं का केलंत?

पल्प हे नाव आलं कागदावरून. लाकडाच्या लगद्याचा हलका, खरबरीत कागद. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे आणि आम्लामुळे तो काही वर्षांतच पिवळा पडतो, कडा तुटायला लागतात. पण मुखपृष्ठ वेगळ्या, गुळगुळीत कागदावर छापलेलं असायचं आणि अंक नवा असताना ते डोळ्यांत भरायचं. लालभडक, पिवळंजर्द, हिरवं. शेजारच्या दहा मासिकांतून नजर ओढायची तर दुसरं काय करणार? 'वीअर्ड टेल्स'ची १९३०च्या दशकातली कितीतरी मुखपृष्ठं मार्गारेट ब्रन्डेज या चित्रकर्तीने पेस्टल खडूंनी केली. सही नुसती एम. ब्रन्डेज, त्यामुळे ही बाई आहे याचा अनेक वाचकांना पत्ताच नव्हता. त्या मासिकाचा पहिला अंक मार्च १९२३चा. त्या महिन्यात तो हातात घेणाऱ्याला जुनं काहीच दिसलं नसणार, कोरं करकरीत दिसलं असणार. डाग आणि सुरकुत्या पुढच्या शंभर वर्षांनी पाडल्या. तुम्ही मानवंदना मासिकाला देताय की वाळवीला?

डाग पुसा. रंग मूळचे ठेवा, अंगावर येऊ देत. आणि मुखपृष्ठावरच्या त्या हातपाय बांधलेल्या बाईला सोडा. पल्पमधलं सगळंच जपण्यासारखं नव्हतं. वर्णद्वेष होता, बायकांचा बाजार होता. थाट घेताना तो गाळ घ्यायची सक्ती नाही.

आता मजकूर. पहिल्याच परिच्छेदात 'भयाण' चार वेळा, 'अमानवी' तीनदा, 'काळाकुट्ट' दोनदा. तिसऱ्या ओळीत प्रेत उठून बसलं. प्रोफेसर ओरडले, पाठोपाठ नोकर ओरडला. अहो, पल्पच्या लेखकांना शब्दामागे पैसे मिळायचे, एक सेंट, कधी त्याहूनही कमी. पोटासाठी ते विशेषणं पेरत होते. तुम्हाला कोण देतंय? आणि प्रेत इतक्या लवकर उठलं की मला त्याची वाट बघायला सवडच मिळाली नाही. हा ऑटोप्लेचा हात आहे, तुमचा नव्हे.

तुमचा हात दुसऱ्या पानावर दिसला. वाड्यामागच्या विहिरीवर नोकर पाणी काढतो. बादली वर येते. रिकामी. ती कठड्यावर ठेवून तो दोर गुंडाळायला जातो, तर दोर अजून जड लागतो.

इथे मी पान खाली ठेवलं.

एकही विशेषण नाही. कुणी ओरडलं नाही. आणि पुढच्याच वाक्यात तुम्ही प्रोफेसरांना बंदूक घेऊन धावत आणलंत, का ते तुम्हालाच माहीत. ती बंदूक काढा, पहिला परिच्छेद काढा, प्रेतही काढा हवं तर. कथा दोरापासून सुरू होऊ द्या आणि पुढची दोन पानं कुणी काही बोलू नये.

धुकं, वाडा, प्रोफेसर तुम्ही मासिकांतून आणलेत, ते दिसतं. हा दोर कुठल्या मासिकातला? मला तर वाटतं तो लाइट गेलेल्या घरातला आहे. ताई बोलता बोलता थांबायची तेव्हा तुम्ही अंधारात जे ऐकत बसायचात, त्यातला. वाट कशी बघायला लावायची हे तुमच्या ओळखीच्या सगळ्यांत तिलाच पहिल्यांदा जमलं होतं, आणि तेही हेडफोनशिवाय.

तिला कथा वाचून दाखवा. फोनवर चालेल, संध्याकाळी, ती एकटी असेल तेव्हा. बादलीपर्यंत वाचा आणि थांबा. चिडेल, "पुढे काय?" म्हणेल. मग तिच्या गोष्टीचा शेवट मागा. मला शंका आहे की शेवट तिच्याकडेही नव्हता, पण दोर जड का लागत होता हे तिला नक्की माहीत असणार.